जरा, औषध आणि तृष्णा



वेसालीजवळच्या बेलुव गावी तथागत आजारी पडले. वय ८०. जुनी गाडी बांधून-सावरून चालवावी तसा आपला देह चालला आहे, असे त्यांनी आनंदाला सांगितले. जगाच्या शास्त्याने आपले म्हातारपण लपविले नाही.

आज मात्र हार्मोन घेतले की म्हातारपण हटते, असे सांगणारे पुष्कळ आहेत. १९९० साली अमेरिकेत डॉ. डॅनियल रुडमन यांनी साठीपुढील १२ पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोन टोचले. त्यांची चरबी घटली. आयुष्य वाढल्याचे त्यातून सिद्ध झाले नव्हते. तरी त्यावर मोठा व्यापार उभा राहिला.

स्त्रियांचेही तसेच. पाळी गेल्यावरही इस्ट्रोजेनने स्त्री तरुण राहते, असा प्रचार डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ साली पुस्तक लिहून केला. पुढे तिथेच १६,६०८ स्त्रियांवर दोन हार्मोनांची चाचणी झाली. स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढलेला दिसला, म्हणून २००२ साली ती थांबविली. मग भीती एवढी पसरली की, खरी गरज असलेल्या स्त्रियांनीही औषध सोडले. साठीच्या आतील, फार त्रास होणाऱ्या निरोगी स्त्रीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली या औषधाचा बहुधा फायदाच होतो, हे नंतर स्पष्ट झाले.

म्हणजे अंधविश्वास जसा घातक, तशी आंधळी भीतीही घातक. कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा, हाच उपदेश तथागतांनी कालामांना केला. त्यांनी भिक्खूंना औषधाची मोकळीक दिली. पण तारुण्याच्या मदापासून सावध केले. दुःख हटविणे हा धम्म. तारुण्य विकत घेऊ पाहणे ही तृष्णा.

आता आपल्या घरात पाहा. पन्नाशीची आई रात्री घामाने भिजून उठते, तिला झोप नाही. आपण म्हणतो, "वयच आहे." नाहीतर कोणी तिला गंडा बांधायला नेतो. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला नवा मार्ग दिला, तो गंड्याच्या जागी जाहिरातीची बाटली आणण्यासाठी नव्हे. आईला डॉक्टरांकडे न्या. औषध कशासाठी, किती दिवस, धोका कोणता, हे विचारा. विचारणे ही प्रज्ञा, तिला घेऊन जाणे ही करुणा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!