न विचारलेला प्रश्न

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, कलेक्टर स्वतः मंडपात येऊन बोलले होते. सरकारची नजर होतीच. त्या काळच्या पोलिसी नोंदी आज आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासकांना साधन म्हणून उपयोगी पडतात. मग पाळतीने संशोधनाचं नुकसान होतं, असं कसं म्हणायचं?

महाडच्या त्या लढ्यावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारे आनंद तेलतुंबडे गोव्यात प्राध्यापक होते. एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी ते एनआयएपुढे शरण गेले. पुढे याच रायगड जिल्ह्यातल्या तळोजा तुरुंगात त्यांचे दिवस गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते जामिनावर सुटले. याच प्रकरणातले रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरमार्फत कागदपत्रं घुसवली गेली, असं अमेरिकेतल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’च्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. निकाल देणं न्यायालयाचं काम. पण अशी शंका घेता येते, एवढ्यानेच अभ्यासकाच्या टेबलावरचं काहीतरी बदलतं.

सभेतला शिपाई चारचौघांत बोललेलं टिपायचा. फोनमधलं स्पायवेअर कच्चा खर्डा वाचतं, म्हणजे अजून ज्यावर तुमचंच मत पक्कं झालेलं नाही, ते.

समजा, बंदरासाठी उठवलेल्या उरणजवळच्या शेवा कोळीवाड्यावर तुम्ही प्रबंध लिहिताय. फोनमध्ये पन्नास मुलाखती आहेत. एका मावशींनी विश्वासाने काही सांगितलं. तुम्ही त्यांचं नाव पुसता. ते तुमचं कर्तव्यच आहे. मग पुढच्या घरी एक अवघड प्रश्न तुम्ही विचारतच नाही. का? त्यांना त्रास होऊ नये म्हणून, की स्वतःला होऊ नये म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गाईड त्याला समंजसपणा म्हणतील, घरचे सुटकेचा श्वास सोडतील.

भीती वाटणं हा गुन्हा नाही. सगळ्यांनी तुरुंगाची तयारी ठेवावी, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण भीतीला ‘विषयाची मर्यादा’ असं नाव देणं खोटं आहे. छापलेलं पुस्तक जप्त झालं, तर निदान त्याची नोंद राहते. न विचारलेल्या प्रश्नाची कुठेच राहत नाही.

म्हणून एवढं तरी करावं. फोनमध्ये नको, साध्या वहीत लिहावं: हा प्रश्न मी घाबरून सोडला. पुढे कोणीतरी तो तिथूनच उचलेल. कदाचित तुम्हीच.