आरशांचा महाल आणि आपले मन



दीक्षेपूर्वी आपल्यापैकी काहींच्या घरी कबीरपंथी भजने होत असत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही कबीरपंथी होते. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानले. म्हणून काशीच्या या विणकराची पदे आपल्याला परकी नाहीत. पण काही पदे अशी विचित्र आहेत, की ऐकणारा गोंधळून जातो.

‘बीजका’तील एक पद पाहा. आरशांच्या महालात शिरलेला कुत्रा चहूकडे शत्रू पाहतो आणि भुंकून भुंकून मरतो. सिंह विहिरीतल्या आपल्याच प्रतिबिंबावर उडी घेतो. दाण्यांची मूठ सोडवत नाही म्हणून माकड सापडते. पारध्याच्या फिरत्या नळीवर बसलेला पोपट उलटा होतो आणि पंख असूनही नळीच घट्ट धरून ठेवतो. मग याला पकडले कोणी, असा प्रश्न कबीर करतात.

याचा अर्थ काय? पुष्कळ कीर्तनकार सांगतात, की आत्मा आपले ब्रह्मस्वरूप विसरला आहे आणि जग ही माया आहे. केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा हा अर्थही आपण तपासू. जग माया असेल तर चवदार तळ्याचे पाणी माया, आणि १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी खाल्लेला मारही माया! हे कोणाला पटेल?

माकडाची मूठ उघडण्यासाठी आत्म्याची गरज नाही. तृष्णा ओळखली म्हणजे पुरे. धम्मपदाची सुरुवातच मनाच्या विचाराने होते, ती उगाच नव्हे.

मग दोष सारा आपल्याच मनाचा काय? तसेही नाही. पारधी खरा आहे आणि त्याने लावलेली नळीही खरी आहे. परंतु पोपटाचे पंखही तितकेच खरे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी ती नळी सोडली. आपण खरोखर सोडली काय? लग्न जुळवताना आपण हळूच पोटजात विचारतो, तेव्हा आपलीही मूठ आवळलेलीच असते. कचेरीत कोणी हसले, की तो आपल्यालाच हसला असे वाटते. कधी ते आरशातले भुंकणे असते, तर कधी समोरचा खरोखरच हिणवीत असतो. यातला भेद शांतपणे पाहणे, हेच सम्यक स्मृतीचे काम होय.

म्हणून कोणत्याही गीताच्या अर्थाला एक कसोटी लावा. जो अर्थ अन्याय मुकाट्याने सोसायला शिकवतो, तो टाकून द्या. ज्या अर्थाने स्वतःची मूठ उघडते आणि पारध्याला जाब विचारण्याचे बळही येते, तो घ्या.

आज वंदना झाल्यावर मुलांना या पोपटाची गोष्ट सांगा. त्याआधी मात्र आपला हात कशात अडकला आहे, हे स्वतःला विचारा.