ज्याला आपली गरज नाही



आजचं वाचन: एकनाथी भागवत, अध्याय ७ ते ९. यदुराजा आणि अवधूताचा संवाद.

अवधूताचे २४ गुरू आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पृथ्वी, वारा, अजगर, भुंगा, पतंग, बांगड्या काढून ठेवणारी कुमारी, बाण घडवणारा कारागीर. प्रत्येकाने काय शिकवलं यावर कीर्तनात भरपूर बोललं जातं. आज वाचताना मात्र माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. या चोविसांपैकी एकालाही माहीत नव्हतं की आपण कुणाचे तरी गुरू आहोत! भुंगा मध घेत होता, अजगर पडून होता, कारागीर मान खाली घालून बाण सरळ करत होता. अवधूत तिथे आला काय आणि गेला काय, त्यांना काहीच फरक पडणार नव्हता. तरीही तो थांबला, पाहिलं आणि ऋण मानलं.

म्हणून आजचा प्रश्न असा: ज्याला आपली गरजच नाही, त्याच्यावर प्रेम करता येतं का?

प्रश्न सोपा वाटतो, पण जरा स्वतःकडे बघा. रात्री दोनला सर्व्हर पडला की आपल्यालाच फोन येतो. आपण वैतागतो, पण आतून कुठेतरी सुखावतो. मी नसेन तर यांचं कसं होणार! ही भावना हळूहळू प्रेमाच्या जागी येऊन बसते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस फोन येणं थांबतं.

माझ्या मामाचं तसं झालं. तो सिव्हिल इंजिनियर. ३५ वर्षं न्यू जर्सीत काढली. ऑफिस, महाराष्ट्र मंडळ, गणपतीचं डेकोरेशन, सगळीकडे 'त्याला विचारा' असं चालायचं. रिटायर झाल्यावर मामीच्या गुडघ्यांना थंडी सोसेना म्हणून दोघं अ‍ॅरिझोनात टूसॉनला राहायला गेले. नवीन घर, नवीन गल्ली, ओळखीचं कुणी नाही. मामा व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, "अरे, इथे माझं कुणावाचून अडत नाही आणि माझ्यावाचून कुणाचं अडत नाही."

मागच्या अंगणात आधीच्या घरमालकाने लावलेला एक फीडर होता. मामीने त्यात साखरेचं पाणी भरलं आणि हमिंगबर्ड यायला लागले. हे पक्षी फक्त अमेरिका खंडांतच असतात. आपल्याकडे बाल्कनीत जास्वंदीवर येतो तो शिंजीर, तो वेगळ्या कुळातला. मामाकडे येतात ते मुख्यतः अ‍ॅनाज हमिंगबर्ड. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, पंख सेकंदाला ४० ते ५० वेळा हलतात. मामाने कॅमेरा काढला आणि सकाळचे दोन तास तो अंगणात खुर्ची टाकून बसू लागला. अगदी अजगरासारखा, असं मामी म्हणते!

पंख स्थिर दिसायला शटर सेकंदाच्या २००० व्या भागाएवढा किंवा त्याहून वेगवान लागतो. पण त्याहून अवघड असतो रंग. नराचा गळा एका क्षणी काळपट दिसतो, मान वळली की झगझगीत गुलाबी. तो गुलाबी रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विशिष्ट कोनातून पडला की तो उमटतो. म्हणजे योग्य जागी आणि योग्य वेळी तुम्ही नसाल, तर पक्षी समोर असूनही तो रंग दिसत नाही. मामा म्हणाला, "मी कोन बदलू शकतो, पक्षी वळवू शकत नाही." मला हे वाक्य फार आवडलं.

एकदा त्यांना चार दिवस मुलीकडे जायचं होतं. मामा अस्वस्थ. यांना कोण खायला घालणार? मग त्याने वाचून काढलं. हे पक्षी फुलांचा रस पितात, प्रथिनांसाठी बारीक किडे आणि कोळी खातात. एक फीडर रिकामा झाला तर दुसरीकडे जातात. अंगणातला फीडर हा त्यांच्यासाठी वरकड. मामा हसत म्हणाला, "इथेही माझ्यावाचून अडत नाही रे!" पण तेव्हा आवाजात थोडं दुखावलेपण होतं.

मला कौतुक पुढच्या गोष्टीचं आहे. परत आल्यावर त्याने फीडर काढून टाकला नाही. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. लाल रंग नाही, मध नाही. (मामीने गूळ चालेल का विचारलं होतं. तोही नाही.) उन्हाळ्यात पाणी लवकर खराब होतं आणि पक्षी आजारी पडू शकतो, म्हणून दर दोन दिवसांनी बाटली घासून धुवायची. पक्ष्याला त्याची गरज नाही हे कळल्यानंतरचं हे धुणं आहे. आधीचं धुणं आणि हे धुणं दिसायला सारखंच, पण मला वाटतं, गीतेत ज्याला फळाची आशा सोडणं म्हटलंय ते इथे सुरू होतं.

फेब्रुवारीत संत्र्याच्या झाडावर घरटं दिसलं. अर्ध्या अक्रोडाएवढं, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं. आत दोन अंडी. ही घरटी मादी एकटी बांधते, एकटीच उबवते आणि पिल्लांनाही एकटीच वाढवते. फोटो तर अप्रतिम आला असता. पण जवळ जायचं, फांद्या बाजूला करायच्या, फ्लॅश मारायचा, म्हणजे ती उडणार, अंडी गार पडणार, आणि घरट्याची जागा इतर पक्ष्यांनाही दिसणार. मामाने खुर्ची उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. त्या घरट्याचा एकही फोटो त्याच्याकडे नाही. बऱ्याच देवळांत गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, तिथे आपण रागावतो का? तसंच हे.

मग कॅमेरा म्हणजे आसक्ती का? मला तसं वाटत नाही. कॅमेऱ्यामुळेच मामा पाहायला शिकला. कसोटी एवढीच, की पक्ष्याचं हित आणि माझा फोटो आमनेसामने आले तर मागे कोण सरतं.

कुणी म्हणेल, आजारी आईला आपली गरज असते, लहान मुलाला असते, ते प्रेम खोटं का? अजिबात नाही. गरज भागवणं हा धर्मच आहे. पण प्रेमाचा पाया गरज असेल, तर मूल मोठं झाल्यावर, टीमने नवीन माणूस घेतल्यावर, आपण कडवट होतो. आणि देवाचं काय? त्याला आपल्या नैवेद्याची, आपल्या पारायणाची गरज आहे असं कुठला संत म्हणतो? तरी आपण रोज निरांजन लावतो. त्याला गरज नाही, आणि आपण लावतो, यातच भक्तीची सगळी मोकळीक आहे.

आजचा संकल्प छोटासा. दिवसभरात दहा मिनिटं अशा कशाकडे तरी नीट पाहू या, ज्याचं आपल्यावाचून काहीच अडत नाही. गॅलरीतलं कबूतर चालेल, समोरचा पिंपळ चालेल. फोटो काढलात तरी हरकत नाही. फक्त त्याला वळवायला जाऊ नका. वाटलं तर आपण आपली जागा बदलू.

रामकृष्ण हरी!