शिक्का मारणारा हात



बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आपण सगळेच केव्हा ना केव्हा पॅरिश ऑफिसात जातो. कुणाला शाळेसाठी हवा, कुणाला लग्नासाठी. नोंदवही उघडते, नाव सापडते, शिक्का बसतो. यात पाप ते काय?

हिटलरच्या जर्मनीत 1933 पासून सरकारी नोकरीसाठी आपले आजी-आजोबा यहुदी नव्हते असा पुरावा द्यावा लागे. सबंध जर्मनीत सरकारी जन्मनोंद सुरू झाली 1876 साली. त्याआधीचा पुरावा चर्चच्या वह्यांत. लोकांची रीघ लागली आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट, दोन्ही चर्चच्या कार्यालयांनी दाखले लिहून दिले. त्यांत खोटे काही लिहावे लागले नाही. ज्यांचे पूर्वज त्या वह्यांत नव्हते, ते आपोआप वेगळे निघाले. त्यांची नोकरी गेली, 1935 साली नागरिकत्वाचे हक्क गेले. पुढे युद्धात युरोपभर सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले.

दाखला लिहिणारा म्हणेल, मी फक्त नक्कल केली. त्याचा वरिष्ठ म्हणेल, कायदाच तसा होता. संस्थेत काम इतके वाटले जाते की पाप पुरते कुणाच्याच पदरात पडत नाही. कन्फेशनला माणूस गुडघे टेकतो, ऑफिस नव्हे! फ्रान्सच्या काही बिशपांनी मात्र 30 सप्टेंबर 1997 रोजी द्रांसी येथे, जिथून यहुद्यांच्या गाड्या सुटत, चर्चचे मौन ही चूक होती असे सांगून क्षमा मागितली. फार उशीर झाला होता, तरी ते आम्हांला महत्त्वाचे वाटते.

कागदाचा उलटा उपयोगही झाला. बुडापेस्टमध्ये 1944 साली पोपमहोदयांचे राजदूत आर्चबिशप आंजेलो रोत्ता यांनी यहुद्यांना हजारो संरक्षणपत्रे दिली. तीही कचेरीतूनच निघाली.

हे सारे दूर युरोपातले, असे कुणी म्हणेल. आपल्या मुंबईत तर 1937 साली महापौर होते बेने इस्राएल समाजाचे डॉ. एलायजा मोझेस, वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. खरे आहे, यहुद्यांना इथे कुणी छळले नाही. जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेल्यांसाठी 1934 पासून मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन काम करीत होती.

तरीही सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पुकारले जाताच ब्रिटिश सरकारने जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे म्हणून सरसकट पकडले. त्यांत हे निर्वासितही होते. अहमदनगरच्या छावणीत नात्झी आणि नात्झींपासून पळालेले एकत्र! ऑक्टोबर 1938 पासून जर्मनी यहुद्यांच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटवीत असे. म्हणजे कोण कोणाला भिऊन आला, हे बऱ्याच पासपोर्टांवर छापलेलेच होते. पण फॉर्मात रकाना होता राष्ट्रीयत्वाचा. असोसिएशनने अर्जविनंत्या केल्या, सरकारने चौकशी समिती नेमली, पुष्कळ जण सुटले. काही कुटुंबांनी मात्र पुढची वर्षे पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात नजरेखाली काढली.

इथे कुणाच्या मनात द्वेष नव्हता, आणि नगरची छावणी म्हणजे आउशवित्झ नव्हे. दोन्ही एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. मग तो लाल ‘जे’ पाहूनही ‘शत्रू’ असे लिहिणारा कारकून निर्दोष म्हणायचा का? आमच्या मते नाही. पान उलटण्याआधी वरच्या साहेबाला त्याने एकदा विचारायला हवे होते. साहेब काय म्हणाला असता, हा पुढचा प्रश्न.