सापडला म्हणजे त्यानेच केलं का?

बस. थीसिसचा निष्कर्ष उघड आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाच. ‘पीसीआरमध्ये एचपीव्हीचा डीएनए आढळला, म्हणून हे मुखकर्करोग विषाणूजन्य आहेत.’ हे लिहिताना हात अडखळला कसा नाही तुझा?

पीसीआर एवढंच सांगते की नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे. तो गाठीच्या पेशींत होता, लाळेतून आला की मायक्रोटोमच्या पात्याला आदल्या ब्लॉकमधून चिकटून आला, हे तिला ठाऊक नसतं. दोन ब्लॉकांमध्ये पातं बदललंस? मध्ये कोरा पॅराफिन कापून तपासलास? नोंदवहीत एक ओळ नाही. डीएनए शाबूत आहे का हे दाखवणारं बीटा-ग्लोबिनचं नियंत्रणही लावलं नाहीस. मग ज्यांना निगेटिव्ह म्हणालास, त्यांत विषाणू नव्हता की फॉर्मॅलिनमध्ये पडून डीएनएचेच तुकडे झाले होते, हे कशावरून ठरवलंस?

मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली २५३ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ते पीसीआरवर थांबले नाहीत. विषाणू गाठीच्या पेशींच्या केंद्रकातच बसलेला दाखवला, तेव्हा कुठे कारणाची भाषा केली. तुला एका जेलच्या फोटोवर ती करायची आहे!

विषाणू तिथे काम करताना दिसला पाहिजे. त्याचं ई६ प्रथिन पी५३ ची वाट लावतं, ई७ आरबीला निकामी करतं. म्हणून ई६-ई७ चा एमआरएनए गाठीच्या पेशीत शोधायचा असतो. आरबी निकामी झालं की पी१६ वाढतं. त्यामुळे घशाच्या कर्करोगात पी१६ चं रंजन चालतं, तेही निदान ७० टक्के पेशींत केंद्रक आणि पेशीद्रव दोन्ही ठळक रंगले तर. तू ठिपक्याठिपक्यांची स्लाइड पॉझिटिव्ह धरलीस. आणि तीही गलोफडातली! तिथे पी१६ विषाणूवाचूनही वाढतं, म्हणून तिथे त्याच्या भरवशावर विषाणूचा शिक्का मारायचा नसतो. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ वेगळं, गलोफड आणि हिरडी वेगळी. कर्करोगाच्या टप्प्यांची नियमावली असलेल्या एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीने पी१६ पॉझिटिव्ह गाठींना वेगळी स्टेजिंग दिली ती घशासाठी, गालासाठी नाही. तू सगळं ‘तोंड’ म्हणून एका तक्त्यात कोंबलंस.

त्याच तक्त्यात सवयींचा रकाना आहे. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, ओळीमागून ओळ. चर्चेत त्यावर एक शब्द नाही. का? विषाणू नवा वाटतो आणि तंबाखू शिळी वाटते म्हणून?

तुझं वाक्य वाचून उद्या कोणी एखाद्या बाईला सांगेल की तुमचा कॅन्सर विषाणूचा. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हणून घरात तिच्यावर संशय सुरू होईल, मिश्रीची डबी मात्र जागेवरच राहील. कोणी उपचार हलके करायला बघेल. अरे, घशाच्या खऱ्या एचपीव्ही कर्करोगातसुद्धा सिस्प्लॅटिनऐवजी हलकं म्हणून सेटुक्सिमॅब दिलं, तेव्हा दोन मोठ्या चाचण्यांत रुग्ण जास्त दगावले. आणि तुझी तर कारणाचीच खात्री नाही!

निष्कर्षाचं पान फाड. जागेप्रमाणे नमुने वेगळे कर, बीटा-ग्लोबिन लाव, पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक ब्लॉकचं एमआरएनए इन सिटू कर. ते होईपर्यंत माझी सही मागायला येऊ नकोस.