सुटाचा सवाल

गेल्या महिन्यात मी सूट शिवला. वय सत्तावीस, आणि आयुष्यातला पहिला. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मनात ठरवलं होतं की या वेळी मंडपात उभं राहायचं ते कोट घालूनच.

यात लिहिण्यासारखं काय, असं म्हणाल. पण कापड घेऊन आलो त्याच संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर आपल्याच एका कार्यकर्त्या मित्रानं मला धरलं. ‘‘सूत काढणारा आता सूट घालणार! अरे भांडवली पोशाख तो. एवढ्या पैशात अभ्यासिकेला पुस्तकं आली असती.’’ सगळे हसले. मीही हसलो. पण रात्रपाळीत रिंगफ्रेमच्या दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारताना, तुटलेला धागा जोडताना, ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आधी हिशोब देतो, म्हणजे लपवलं असं नको. इचलकरंजीजवळच्या सूतगिरणीत मी कामाला. हातात बारा हजार पडतात. भिशी लागली, त्यातून हे केलं. तयार सूट तीन हजारांतही मिळत होता. घालून बघितला, खांदे उतरत होते. टेलर मास्तर म्हणाला, ‘‘बाही आखूड करता येती, कंबर आवळता येती. खांदा बसला नाही तर कोट घ्यायचाच नाही.’’ म्हणून कापड घेतलं. टेरीविस्कोस, गडद निळं, सव्वातीन मीटर, ४४० रुपये मीटर. लोकरीचं परवडत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात ते हवंय कुणाला? त्याचे १४३० झाले. शिलाई ३२००. टाय १५०. जुन्याच बुटाला नवी टाच आणि पॉलिश, १२०. एकूण ४९००. निळा रंग अशासाठी की तो लग्नात चालतो, मुलाखतीला चालतो आणि चौदा एप्रिललाही चालतो.

मास्तरनं टेप काढला. छाती, खांदा, बाही, पोट. आकडे ओरडून सांगायचा, पोरगं वहीत लिहायचं. मला साला घामच फुटला. तेव्हा ध्यानात आलं की आजवर माझ्या अंगाचं माप कुणी घेतलंच नव्हतं. शाळेचा गणवेश चुलतभावाचा. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातली पँट. दुसऱ्याच्या मापात आपलं अंग कोंबायचं, ही सवय इतकी जुनी की टोचतही नाही.

किती जुनी? आजा सांगायचा, त्याच्या बापाच्या अंगावर मढ्यावरचं कापड असायचं. गावकीत तो महाराचा ‘हक्क’ होता! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं प्रेताची वस्त्रं वापरावीत असं लिहूनच ठेवलंय. ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं, कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. तरी मेलेल्याचं कापड घालणाऱ्याचा मी पणतू आहे. टेप अंगाला लागल्यावर घाम फुटला तो उगीच नव्हे.

पण म्हणून सुटानं जात जाते काय? छट्. १९०१ साली भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, पायात नवे बूट. मसूर स्टेशनच्या मास्तरला वाटलं ही बामणाची पोरं. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहराच बदलला. मग बैलगाडी मिळेना, आणि वाटेत पाणी मिळेना. पुढं १९१७ साली अमेरिकेत शिकून आलेल्या त्याच माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी म्हणून उतरले तिथंही लाठ्या घेऊन लोक आले. कापडानं तोंडओळख बदलते. जात बाहेर पडली की कोट कितीही भारी असो.

मग मला कोडं पडतं. कापडानं काहीच होत नसेल, तर ते कापडाला एवढे भितात कशाला? १९२८ सालच्या जानेवारीत पेपरात आलेली इंदूर भागातली बातमी बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दिलीय. बलाई लोकांना हुकूम होता, जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोनंचांदी घालायची नाही. जुनी गोष्ट म्हणून सोडून द्याल. पण २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारल्याची फिर्याद झाली. आई सोडवायला आली, तर तिलाही मारलं. मधे पंच्याण्णव वर्षं गेली. त्यांना लांबूनच ओळखता आलं पाहिजे की हा कोण, आणि कुठं उभा राहणार. चांगलं कापड ती ओळख पुसतं, घडीभर का होईना. बाबासाहेबांनी महाडला बायकांना सांगितलं की जात दाखवणारी लुगड्याची नेसण सोडा, ते यासाठीच.

मित्र मात्र हटणारा नव्हे. त्यानं जोतीराव काढले. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉटच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले, मग? गांधीचं उदाहरण त्यानं दिलं असतं तर मला सोपं होतं. विलायतेत दहा पौंडांचा सूट शिवलेल्या माणसानं १९२१ साली मदुराईत पंचा नेसला. आधी होतं म्हणून सोडता आलं. आमच्या आज्याच्या उघड्या अंगाला कुणी त्याग म्हटलं नाही. पण जोतीरावांपुढं मी जरा अडलो. विचार करून सांगितलं की जोतीरावांनी तो वेश साक्ष म्हणून नेला होता. राणीच्या पोराला रयत दाखवायला. घरी दुसरा वेश होता आणि कुठला घालायचा ते त्यांनी स्वतः ठरवलं. ठरवणं आपल्या हातात आलं की मीही उघड्या अंगानं येईन. आधी ते हातात येऊ दे. मित्र म्हणाला, ‘‘भाषण चांगलं करतोस.’’ पटलं नाही त्याला.

पुस्तकांचं उत्तर मात्र माझ्याकडं नाही. आणि त्याहून वाईट एक गोष्ट आहे. आईचा चष्मा दोन वर्षं राहिलाय. भिशीचे पैसे खरं तर त्यासाठीच धरले होते. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘शीव की. बाबासाबांनी घातलाच की. माझं डोळं काय कुटं पळून चाल्ल्यात?’’ ती असं म्हणाली म्हणून मी सुटलो, असं मानत नाही. आईनं परवानगी दिली ही आपल्या घराघरातली जुनी पळवाट आहे. बाप्यांनी शिकायचं, बाप्यांनी घालायचं, आणि तिनं ‘शीव की’ म्हणायचं.

लग्न झालं. खांदा फर्मास बसला होता. लोकांनी वळून बघितलं, मला आवडलं. खोटं कशाला बोलू. जेवणाच्या पंगतीत पाणी वाढणारं पोरगं लांब उभं होतं, तेरा-चौदाचं असेल. मी बोट वाकडं केलं आणि म्हणालो, ‘‘ए, इकडं ये.’’ आवाज माझा नव्हता. आमचा मुकादम डॉफिंगच्या पोरांना हाक मारतो ना, हुबेहूब तसा. पोरगं पळत आलं. ‘‘आलो साहेब.’’ त्याच्या अंगात कुणाचा तरी शर्ट होता, खांदे दंडावर आलेले.

मी पाणी घेतलं. त्याला नाव विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉलवर जाऊन आलो, तर तिथली माणसं पुढच्या गावाला गेलेली.

कट्ट्यावर सगळ्यांनी मला पुस्तकांचं विचारलं. हे कुणी विचारलं नाही, आणि मीही आजच सांगतोय.