निवांतपणा

लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट. लांबट, चिंचोळं. पश्चिमेला उथळ, निळंशार पाणी, अगदी शांत. त्यापलीकडे उसळता समुद्र. मधल्या प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटतात, म्हणून आतलं पाणी निवांत असतं. पाहुणा माडाखाली दिवसभर पडून राहतो. जरूर राहावं! पण आपला निवांतपणा कुणीतरी सांभाळत असतं. पाहुण्याच्या ताटातल्या कुपा माशासाठी कुणीतरी समुद्रात होडी घातलेली असते.

घरीही तेच. सुट्टीला आपण लोळत असतो, तेव्हा चहाचं आधण कुणीतरी ठेवलेलं असतं. बहुतेक घरांत ते कोण, हे सांगायला नको. आपला निवांतपणा कुणीतरी सांभाळत असतं. श्रोतेहो, येत्या रविवारी आधण तुम्ही ठेवा. आणि त्यांना म्हणा, आज तुम्ही पडा जरा.